वर्गातील पहिली दहा मिनिटे



भाषेच्या तासाला मूल का बोलत नाही आणि खेळातून त्याला बोलते कसे करावे, एवढ्याच विषयावर आम्ही बोलणार आहोत. भाषणांचे फैजपूरला अप्रूप नाही. 1936 च्या डिसेंबरात पं. नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन येथेच भरले. आमचा प्रश्न मात्र शेवटच्या बाकावरच्या मुलाचा आहे.

ते मूल मुके नसते. घरी, गल्लीत, केळीच्या बागेत ते अखंड बोलते. वर्गात 'मला' ऐवजी 'माले' तोंडून गेले की हशा पिकतो, आणि तोंड मिटते ते वर्षभर.

दुसरे कारण अधिक बोचरे आहे. पहिल्या दिवशी 'उभा राहा, पूर्ण नाव सांग, वडील काय करतात ते सांग' असा प्रघात असतो. हे करतात संकोच घालविण्यासाठी. पण आडनाव आणि धंदा उच्चारला की वर्गाला जे कळायचे ते कळते. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, पर्शियन घ्यावी लागली. आज ते दार उघडे आहे. उंबरठ्यावर आडनाव विचारणे मात्र चालूच आहे. म्हणून आमच्या खेळांचा पहिला नियम असा, की आडनाव नाही आणि जात कळेल असा प्रश्नही नाही.

कागदाचा बोळा करावा. ज्याच्या हाती येईल त्याने स्वतःचे नाव व आवडती एक वस्तू सांगायची. पुढच्याने आधीच्यांची सांगून मग आपली. आठ-दहांचे गट करा, नाहीतर साठावा विद्यार्थी रडकुंडीला येईल! दुसऱ्या खेळात दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचे. एकाने चित्राचे वर्णन करायचे, दुसऱ्याने ऐकून तसे काढायचे. इंग्रजीच्या तासालाही हा चालतो, कारण येथे बोलल्यावाचून काम अडते.

आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो घरच्या शब्दांचा खेळ. गुरुजींनी माठ किंवा झाडू दाखवावा आणि ज्याच्या घरी जो शब्द असेल तो त्याने सांगावा. लेवा गणबोली, अहिराणी, पावरी, तडवींची बोली, सगळे शब्द फळ्यावर एका ओळीत लिहावेत आणि प्रमाण शब्दही त्याच ओळीत. खेळ चालू असताना कोणाची चूक काढायची नाही. ज्याला बोलायचे नसेल त्याने 'पुढे' म्हणावे. तोही एक शब्दच झाला.

याला आधार हवा असेल तर विनयपिटकातील चुल्लवग्ग पाहावा. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदात, म्हणजे वैदिक वळणाच्या भाषेत, बांधण्याची परवानगी मागितली. तथागतांनी ती नाकारली आणि आपापल्या भाषेत धम्म शिकण्यास अनुमती दिली. या अनुमतीचा अर्थ लावताना पुढे मतभेद झाले, पण आम्ही तो सरळ घेतो.

आता आमचे बोलणे पुरे. हा बोळा पहिल्या रांगेत टाकतो आहोत. ज्याच्या हाती पडेल त्याने उठून फक्त आपले नाव सांगावे, आणि घरी भाकरीबरोबर काय आवडते ते. जय भीम.