विमानाचा आवाज अन् नांगरलेलं रान

आम्ही जयसिंगपूरच्या एका बचत गटातल्या बाया बोलतोय. तुम्ही म्हणाल, आज पापड-मसाल्याचं सोडून विमानाचं काय काढलं? तर त्याला कारण आमच्या गटापुढं आलेला एक कर्जाचा अर्ज आहे.

आमच्यातल्या एका मावशींची लेक कोल्हापूरजवळ उजळाईवाडीकडं दिलेली आहे. तिला घर बांधायला दोन गुंठे जागा घ्यायची होती. जागा स्वस्तात मिळत होती आणि थोडे पैसे गटातून हवे होते. सगळ्याजणी हो म्हणणार, तेवढ्यात मावशीच म्हणाल्या, "जागा स्वस्त का, तर धावपट्टीच्या अगदी टोकासमोर आहे. तान्हं पोर झोपंल का तिथं?" मग आम्ही ठरवलं, आधी माहिती काढायची, मगच सही.

उजळाईवाडीचा विमानतळ आजचा नाही. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली तो सुरू झाला. मधे कित्येक वर्षं तिथं विमानाचा फारसा पत्ता नव्हता. आता नेमानं विमानं येतात. मार्च २०२४ मध्ये नव्या इमारतीचं उद्घाटन झालं आणि धावपट्टीची लांबी वाढवायचं कामही गेली काही वर्षं चालू आहे. म्हणजे आज विमानं मोजकी असली तरी पुढं ती वाढणार, हे धरूनच घर बांधायला हवं.

पहिलं कळलं ते असं, की विमानाचा आवाज सगळीकडं सारखा पसरत नाही. धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढं, विमान ज्या रेषेत चढतं-उतरतं, त्या रेषेखाली तो सगळ्यात जास्त असतो. त्याच रेषेपासून बाजूला सरकलं की कमी होत जातो. त्यामुळं 'विमानतळापासून किती लांब' एवढंच विचारून भागत नाही, 'कुठल्या बाजूला' हेही विचारावं लागतं.

हा आवाज आटोक्यात ठेवायला जगभरचे विमानतळ चार वाटा धरतात. पहिली, विमानाचं इंजिनच कमी आवाजाचं बनवायचं. दुसरी, चढण्या-उतरण्याच्या रेषेखाली घरं, शाळा, दवाखाने होऊ द्यायचे नाहीत. तिथं शेती, गोदामं, कारखाने चालतात. तिसरी, उडवण्याची पद्धत बदलायची. विमान टप्प्याटप्प्यानं न उतरवता एकसारखं हळूहळू खाली आणलं, की इंजिनावर जोर कमी पडतो. जमिनीवर उभं असताना विमानाचं स्वतःचं यंत्र बंद ठेवून बाहेरून वीज देतात, तेही यातच आलं. आणि चौथी वाट, वेळेचं बंधन. जर्मनीत फ्रँकफुर्टच्या विमानतळावर रात्री ११ ते पहाटे ५ उड्डाणं ठेवायची नाहीत, असा नियम २०११ पासून आहे. लंडनच्या हीथ्रो विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत. तिथं दुपारी ३ वाजता उतरण्याची धावपट्टी बदलतात, म्हणजे एका बाजूच्या वस्तीला अर्धा दिवस तरी उसंत मिळते.

यात आम्हाला सगळ्यात आवडली ती नेदरलँडची गोष्ट. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाची एक धावपट्टी २००३ साली सुरू झाली, आणि शेजारच्या गावातल्या लोकांना घुमणारा आवाज छळायला लागला. तिथली जमीन तळहातासारखी सपाट. विमान धावपट्टीवर जोर करतं तेव्हाचा जड, घुमा आवाज जमिनीलगत सरकत थेट घरापर्यंत यायचा. मग लोकांच्या ध्यानात आलं, की शेतकरी पीक काढून रान नांगरतात त्या दिवसांत आवाज कमी येतो. नांगराच्या तासांत तो आवाज फुटायचा! हे पाहून तिथं सुमारे ३६ हेक्टरांत मातीचे लांबच लांब उंच वरंबे घातले आणि २०१३ साली त्याची बाग केली. आता लोक वरंब्यांच्या मधून फिरतात, सायकल चालवतात आणि आवाजही कमी झाला आहे. आम्ही जन्मभर सऱ्या-वरंबे बघतोय, पण ते आवाज मोडतात हे ठाऊक नव्हतं. झाडांची एकेरी रांग मात्र आवाज फार अडवत नाही. तिथं मातीचा बांध किंवा भरीव भिंत लागते.

आपल्या देशात आवाजाचा कायदा काय म्हणतो, तेही पाहिलं. आवाज डेसिबल या मापात मोजतात. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो. राहत्या वस्तीसाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे. वर्षाला ५० हजारांहून जास्त वेळा विमानं चढतात-उतरतात, अशा गजबजलेल्या विमानतळांच्या पट्ट्यात २०१८ च्या नियमानं दिवसा ७० आणि रात्री ६५ पर्यंत चालतं. म्हणजे त्या पट्ट्यात घर बांधणाऱ्याला कायदासुद्धा वस्तीएवढी शांतता देत नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. विमानतळाभोवती घर किती उंच बांधायचं याला बंधन असतं. विमानतळ प्राधिकरणाचा रंगीत नकाशा असतो, आणि कुठल्या रंगात किती उंची चालते ते त्यावरून कळतं. जागा घेण्याआधी तो नकाशा पाहावा. नाहीतर वरचा मजला कागदावरच राहायचा.

आता पक्ष्यांचं. विमानतळाच्या आत पक्षी नकोच असतात. एखादी घार किंवा टिटवी इंजिनात गेली तर विमानाला धोका. म्हणून आतलं गवत आटोक्यात ठेवतात, पाणी साचू देत नाहीत, फटाके वाजवून पाखरं उडवतात. मग पाखरांनी जायचं कुठं? त्यांची बाहेरची जागा राखली तरच ती बाहेर राहतील. मुंबईत २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरजवळ उतरणाऱ्या विमानाला रोहित पक्ष्यांचा थवा धडकला. चाळीसच्या आसपास पक्षी मेले. विमान सुखरूप उतरलं. हे पक्षी भरतीच्या वेळी ठाण्याच्या खाडीतून नवी मुंबईच्या पाणथळींवर जातात. पाणथळी बुजवल्या तर ते भलतीकडं उडणार, अशी काळजी पक्षी अभ्यासक करतात. आणि त्याच भागात ऑक्टोबर २०२५ मध्ये नव्या विमानतळाचं उद्घाटन झालं. त्यासाठी उलवे टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठली. तोडलेल्या खारफुटीच्या बदल्यात दुसरीकडं खारफुटी लावायची अट २०१० च्या पर्यावरण मंजुरीत होती. अशी मोठी कामं मंजूर होण्याआधी बहुधा जनसुनावणी होते. तिथं बायांनी जाऊन पाणी, पाखरं आणि झोप या तिन्हींबद्दल विचारायला हवं.

आपल्या हातातलं एक काम मात्र सोपं आहे. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा, खरकटं, मांसाचे तुकडे टाकायला कायद्यानं बंदी आहे, कारण त्यावर घारी जमतात. उजळाईवाडीच्या आसपासच्या गटांनो, ओल्या कचऱ्याचं खत केलंत तर शेताला खत मिळेल आणि विमानाला धोकाही टळेल.

ही माहिती जमवताना आम्हाला आमचंही हसू आलं. विमान मिनिटभरात निघून जातं. ऊस हंगामात आमच्या रस्त्यावरनं रात्रभर ट्रॅक्टरवर गाणी वाजतात, त्याचं काय? रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगा लावायला बंदी आहेच. ट्रॅक्टरवाला पोरगा बहुतेक वेळा आपल्याच भावकीतला असतो. आधी त्याला सांगू, नाही ऐकलं तर ११२ नंबर आहे.

शेवटी मावशींच्या लेकीचं काय झालं? आमच्यातल्या दोघी जागेवर गेल्या. विमान यायच्या वेळेला तिथं उभ्या राहिल्या. विमान डोक्यावरनं गेलं तेव्हा एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. विकणारा म्हणत होता, "ताई, दिवसातनं दोन-चारदाच." आम्ही म्हटलं, धावपट्टी वाढल्यावर?

लेकीनं ती जागा सोडली. धावपट्टीच्या रेषेपासून बाजूला दुसरी बघितली. थोडी महाग पडली, म्हणून गटानं कर्ज वाढवून दिलं. हप्ता वेळेवर येतोय. परवा मावशी नातवाला भेटून आल्या. बैठकीत बसता बसताच म्हणाल्या, "विमान गेलं, पोर हललंसुद्धा नाही."

तुमच्या ओळखीत कुणी विमानतळाजवळ जागा घेत असेल, तर सही करण्याआधी विमानाच्या वेळेला तिथं जाऊन उभं राहायला सांगा. येतो आम्ही. नमस्कार.