ओझे किती, खेपा किती?



अमेरिकेत मिनेसोटाच्या उत्तर सीमेवर बाउंडरी वॉटर्स नावाचे अरण्य आहे. हजारावर तळी, १९६४ च्या कायद्याने राखलेली. बहुतेक ठिकाणी मोटारहोडीला मज्जाव. वल्हे मारीत जावे, तळे संपले की होडी खांद्यावर घेऊन पुढचे तळे गाठावे. ही पायवाट रॉडमध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट.

लेकीकडे गेलो असता चार आणि सात वर्षांच्या नातवंडांना तेथे न्यायचे ठरले. आम्ही ऐटीत चार तळ्यांचा बेत आखला. त्यात १६० रॉडांची एक वाट होती. म्हणजे अवघा अर्धा मैल! लेक म्हणाली, "बाबा, सामान दोन खेपांत न्यायचे, म्हणजे जाऊन-येऊन-जाऊन दीड मैल. आणि धाकटी दमली तर तिला कोण उचलणार?"

आम्ही निरुत्तर झालो. ओझे किती, खेपा किती, वाहणारा कोण, हाच हिशेब आम्ही जन्मभर मालकांना विचारीत आलो होतो!

बेत बदलला. एकच तळे, एकच मुक्काम. लाइफ जॅकेट काठावरच चढवायचे. दुपारी वारा चढतो, म्हणून सकाळीच काठाकाठाने जायचे. कोरडे कपडे निराळ्या पिशवीत, शिधा अस्वलाच्या तोंडी लागणार नाही असा, आणि एक दिवस वाऱ्यासाठी राखीव.

तो दिवस कामी आला. तळे उसळले होते. मुले तंबूत निर्धास्त खेळत होती. मोर्चा सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पावलांनी न्यावा, हे आम्ही सभांतून पुष्कळ सांगितले. घरात मात्र ते लेकीकडून शिकावे लागले.