नाव राखण्याची गोष्ट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



ई-मेलची चोरी आणि संगणकातील व्हायरस या विषयावर बोलावे असे चिटणीसबाईंनी मला सुचविले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. मी काही त्या विद्येतील जाणकार नव्हे. त्यावर त्या म्हणाल्या, "जाणकार नको, जिला ठेच लागली आहे तीच हवी." पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, या न्यायाने मी आज येथे उभी आहे.

गेल्या श्रावणातील गोष्ट. एका सोमवारी मला एक ई-मेल आली. 'तुमची मेलपेटी भरली आहे. चोवीस तासांत खातरजमा न केल्यास ती बंद होईल', असा तिचा मजकूर. वर कंपनीचे चिन्ह हुबेहूब आणि खाली एक लिंक. गॅसवर दूध होते आणि मी घाईत होते. मी लिंक दाबली, परवलीचा शब्द, म्हणजे आपला पासवर्ड, लिहिला आणि दूध उतरावयास धावले. दूध वाचले, पेटी गेली.

मंगळवारी सकाळी भाचीचा फोन आला. "मावशी, तू कुठल्या इस्पितळात आहेस?" तेव्हा कळले की, मी परगावी आजारी पडले आहे, पर्स हरवली आहे, अमुक खात्यावर तातडीने पंधरा हजार रुपये पाठवा, अशी पत्रे माझ्या नावाने साऱ्या ओळखीच्यांना गेली आहेत.

भगिनींनो, लिंक दाबली ही माझी पहिली चूक. दुसरी तिच्याहून मोठी होती. मला लाज वाटली. मंडळाचे हिशेब तपासणारी मी. लोक काय म्हणतील? सारे गुपचूप निस्तरू, असे म्हणत मी दोन दिवस कोणाजवळ चकार शब्द काढला नाही. आणि बुधवारी दुपारी आपल्यापैकीच एका वयोवृद्ध भगिनींनी औषधपाण्यासाठी ठेवलेल्या पैशांतून पंधरा हजार रुपये पाठवून दिले. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "पत्रावर तुमचे नाव होते. मग आणखी विचारावयाचे काय?" पैसे मी भरून दिले. ते वाक्य अजून मनातून जात नाही.

माझ्या खात्यातून चोराला एक पैसाही मिळाला नव्हता. त्याला माझे नाव हवे होते, कारण त्या नावावर चार माणसे विश्वास ठेवतात.

ही युक्ती जुनी आहे. व्हायरस म्हणजे कोणी दुष्टबुद्धीने लिहिलेला असा प्रोग्रॅम, जो संगणकात शिरून आपल्याच प्रती काढतो. १९८६ मध्ये लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला 'ब्रेन' नावाचा व्हायरस फ्लॉपीवरून हातोहात पसरला. मे २००० मध्ये फिलिपाईन्समधून 'आय लव्ह यू' निघाला. तो प्रेमपत्राच्या रूपाने ई-मेलने येई. कोणी जोडलेली फाईल उघडली की तिच्या संगणकातील पत्त्यांच्या यादीत असतील तितक्यांना तो तिच्याच नावाने पुन्हा जाई. जगभर लाखो संगणकांत तो शिरला, तो केवळ ओळखीच्या माणसाचे पत्र म्हणून लोकांनी उघडला यामुळे.

मग असा प्रसंग आल्यास करावे काय? क्रमाने सांगते, कारण येथे क्रमाला महत्त्व आहे.

प्रथम फोन उचलावा. 'माझ्या नावाने पैसे मागणारे पत्र आले तर ते खोटे आहे', हे पाच जणींना सांगावे आणि त्यांनी आणखी पाच जणींना सांगावे. कोणाचे पैसे गेले असतील तर तिने तत्क्षणी १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेस कळवावे. चोराने पैसे काढून घेण्यापूर्वी तक्रार पोचली तर ते अडविता येण्याचा संभव असतो. आमची तक्रार गुरुवारी गेली; तोवर खाते रिकामे झाले होते.

दुसरे, परवलीचा शब्द बदलावा, परंतु संशय असलेल्या संगणकावरून नव्हे. काही व्हायरस आपण टंकलेले प्रत्येक अक्षर चोरास कळवितात. तेथे नवा शब्द लिहिणे म्हणजे कुलूप बदलून नवी किल्ली चोराच्याच हाती देणे. दुसऱ्या, खात्रीच्या यंत्रावरून बदलावा आणि इतर सर्व ठिकाणी उघडे असलेले खाते बंद करण्याचा पर्याय दाबावा.

तिसरे, खात्याच्या सेटिंग्जमध्ये डोकवावे. मला येणारी उत्तरे परस्पर आपल्याकडे जावीत आणि माझ्या पेटीतून पुसली जावीत, अशी व्यवस्था चोराने करून ठेविली होती. शब्द बदलूनही ती व्यवस्था तशीच राहते. खाते परत मिळविण्यासाठी दिलेला फोन क्रमांक आपलाच आहे ना, हेही पाहावे.

चौथे, तोच शब्द आणखी कोठे वापरला असेल तर तेथेही बदलावा, बँकेपासून आरंभ करून. घरातल्या साऱ्या कपाटांना एकच किल्ली आपण ठेवीत नाही. शिवाय दुहेरी पडताळणी सुरू करावी, म्हणजे नुसत्या शब्दाने पेटी उघडत नाही. त्यासाठी येणारा आकडा मात्र कोणी कितीही गोड बोलून मागितला तरी सांगू नये.

आता संगणकाची शुश्रूषा. विंडोजबरोबर व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम येतो. त्याच्याकडून सारा संगणक तपासून घ्यावा. अपडेट लांबणीवर टाकू नये. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने अनेक देशांत संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली, तेव्हा त्यावरील उपाय कंपनीने मार्चमध्येच दिलेला होता. ज्यांनी तो बसविला नव्हता ते सापडले. फोटो आणि हिशेब यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवून ती डिस्क काढून ठेवावी. 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा', अशी पाटी पडद्यावर झळकली तर फोन मुळीच करू नये. ती पाटीच फसवणुकीची असते.

दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गुन्हेगार तो आहे. मग मान खाली आपण का घालावी? घरात चोरी झाली तर आपण शेजार गोळा करतो. येथेही तसेच करावे.

जाता जाता एक सूचना मांडते. आपल्यापैकी कोणाच्याही नावाने पैशाची मागणी आली तर पैसे पाठविण्यापूर्वी तिला फोन करून तिचा आवाज ऐकावा, आणि असा फोन आला म्हणून कोणी राग मानू नये. ही सूचना माझी नाही. ज्यांचे पंधरा हजार गेले होते त्या भगिनींची आहे. त्या आज सभेत बसल्या आहेत, आणि मला बोलावयास धीर दिला तोही त्यांनीच.