मतपत्रिकेवरील नावांचा क्रम



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हाला नागरिकशास्त्र शिकविले. हजेरी घेताना ते एक दिवस वरून नावे पुकारीत आणि दुसऱ्या दिवशी खालून. आम्हाला तो त्यांचा छंद वाटे. पुढे निवडणुकीच्या कामावर मतदान केंद्रात बसण्याची वेळ आली. समोरच्या मतपत्रिकेकडे पाहताना मला त्या हजेरीपटाची आठवण झाली आणि प्रश्न पडला, की या यादीत पहिला कोण आणि शेवटचा कोण, हे ठरविते कोण? आजचा विषय तेथून सुचला आहे.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, म्हणजे १९५१-५२ साली, हा प्रश्न मतपत्रिकेवर उद्भवलाच नव्हता. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे व तिच्यावर त्याचे चिन्ह लावलेले असे. मतदाराने आपल्याला हव्या त्या पेटीत मतपत्रिका टाकावयाची, इतकेच. १९५७ सालीही हीच पद्धत होती. सर्व उमेदवारांची नावे एका कागदावर छापून त्यांपैकी एकापुढे खूण करण्याची पद्धत १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून रूढ झाली. मग एका कागदावर सगळे आले आणि वर-खाली हा भेदही आला.

त्या वेळचा नियम साधा होता. सर्व उमेदवार वर्णानुक्रमाने लावावयाचे. पक्ष मोठा की लहान, उमेदवार मंत्री की शेतमजूर, हे पाहावयाचे नाही. ऐकावयास हा नियम निर्मळ वाटतो. पण वर्णानुक्रम म्हणजे कोणत्या लिपीचा? रोमन लिपीत 'हरी' आठव्या अक्षरावर येतो, आपल्या वर्णमालेत तो जवळजवळ शेवटी जातो. 'यशवंत' रोमनमध्ये तळाशी, तर देवनागरीत र, ल, व, श यांच्या आधी. म्हणून जेथे यादी ज्या भाषेत निघते, त्या भाषेची लिपी प्रमाण मानतात. आपल्या सीमाभागात देवनागरी व कन्नड या दोन लिपी नांदतात. त्यांच्या वर्णमालांचा क्रम मूलतः एकच आहे, ही मला मोठी बोलकी गोष्ट वाटते. नावाआधीची आद्याक्षरे क्रम लावताना जमेस धरीत नाहीत. डॉक्टर वगैरे पदव्या नावासोबत छापता येतात, पण त्यांनी कोणाला वर चढता येत नाही. दोघांचे नाव एकच असेल, तर व्यवसाय किंवा राहण्याचे ठिकाण जोडून त्यांना वेगळे दाखविण्याची तरतूद आहे.

हा साधा नियम १९९६ साली पुरा कसाला लागला, आणि तो आपल्या बेळगावातही. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधावे, म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीच्या आवाहनावरून अनेकांनी अर्ज भरले होते. नलगोंडा येथे ४८० उमेदवार होते, तर तमिळनाडूतील मोडकुरिची विधानसभा मतदारसंघात १,०३३. तेथे मतपत्रिका पुस्तिकेच्या रूपात काढावी लागली. शेकडो नावांच्या वर्णानुक्रमात आपला उमेदवार शोधणे साक्षरालाही जड जावे, मग निरक्षराचे काय? एका बाजूस दबलेल्या समाजाचे गाऱ्हाणे होते, तर दुसऱ्या बाजूस सामान्य मतदाराची सोय. दोन्ही खरी होती.

त्याच वर्षी लोकप्रतिनिधित्व कायद्याचे ३८ वे कलम बदलले. आता यादीचे तीन गट असतात. प्रथम मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग केवळ नोंदणीकृत पक्षांचे, आणि शेवटी इतर, म्हणजे अपक्ष. वर्णानुक्रम राहिला, पण प्रत्येक गटाच्या आत. लोकसभेची अनामत रक्कमही ५०० रुपयांवरून १०,००० झाली. १९९६ मध्ये देशात लोकसभेचे १३,९५२ उमेदवार होते, ते १९९८ मध्ये ४,७५० वर आले. तरी गाऱ्हाणे मांडण्याची वाट बुजली नाही. २०१९ साली निजामाबादेत १८५ उमेदवार उभे राहिले, त्यांत बहुसंख्य हळद व ज्वारी पिकविणारे शेतकरी होते. एका यंत्रावर सोळा जागा असल्याने प्रत्येक केंद्रात बारा यंत्रे मांडावी लागली. २०१३ पासून सर्वांच्या खाली 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय असतो.

गट पाडल्याने सारे प्रश्न सुटले, असे मात्र नव्हे. २०१४ साली रायगड मतदारसंघात सुनील तटकरे २,११० मतांनी पराभूत झाले. त्याच यादीत त्यांच्याच नावाचा एक अपक्ष होता आणि त्याला ९,८४९ मते पडली. ती सगळी चुकून पडली, असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. पण शंका राहतेच. २०१५ पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्र येऊ लागले, ते याच गोंधळावर उपाय म्हणून.

वरच्या जागेचा खरोखर लाभ होतो काय? ऑस्ट्रेलियाचा अनुभव सांगतो, की होतो. तेथे मतदान सक्तीचे असून पसंतीक्रम द्यावा लागतो, तेव्हा कंटाळलेला मतदार वरून खाली आकडे घालीत जातो. १९३७ साली न्यू साउथ वेल्समध्ये सिनेटसाठी मजूर पक्षाने ज्यांची आडनावे 'ए' ने सुरू होतात असे चार उमेदवार दिले आणि चौघेही निवडून आले. पुढे त्या देशाने वर्णानुक्रम सोडून चिठ्ठ्या टाकण्याचा मार्ग धरला. टास्मानियात तर निरनिराळ्या मतपत्रिकांवर नावांचा क्रमच फिरता ठेवतात. आपल्याकडे एकच मत द्यावयाचे असते आणि चिन्ह पाहून द्यावयाचे असते, त्यामुळे हा धोका कमी आहे. पण मुळीच नाही, असे म्हणवत नाही.

माझे मत नम्रपणे मांडतो. पक्षांना वर ठेवण्यात मतदाराची सोय आहे, ती मी मान्य करतो. परंतु अपक्षाची जागा कायमची खाली, आणि त्यातही 'ह' वरून नाव सुरू होणाऱ्याची सर्वांत खाली, यात जन्माच्या वेळी ठेवलेल्या नावाखेरीज दुसरे कारण नाही. समान मते पडली, तर चिठ्ठी टाकून निकाल लावण्याची सोय आपल्या कायद्यात आहेच. मग प्रत्येक गटातील क्रम सर्व उमेदवारांसमक्ष चिठ्ठीने का ठरवू नये? वर्णानुक्रमाच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे, ती मी लपवीत नाही. तो कोणालाही घरी बसून पडताळता येतो. चिठ्ठीलाही तितकाच उघडेपणा देता आला, तरच हा बदल करावा. एरवी आहे तेच बरे.

गुरुजी हजेरी खालून का घेत, हे त्यांनी कधी सांगितले नाही. माझे नाव पटावर शेवटून तिसरे होते. ज्या दिवशी ते खालून सुरू करीत, त्या दिवशी मी वर्गात जरा ताठ बसत असे.