लायसन्स हातात आलं, आता गाडी कशी मिळवायची?

(नालवाडी, जि. वर्धा येथे तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



ट्रक चालवायला निघालेल्या मुलींशी बोला, असं मला सांगितलं गेलं. मी काही वक्ता नाही. पिकअपपासून सुरुवात केली, आता दहा चाकी चालवते. सोयाबीनची पोती, कापसाच्या गाठी, सिमेंट, जे भाडं मिळेल ते नेते. त्यातून जे तुमच्या कामाचं आहे, तेवढंच सांगते.

मुली मला पहिला प्रश्न विचारतात, "आपा, एवढी मोठी गाडी पेलेल का?" पेलते. आता पॉवर स्टिअरिंग असतं. चाकाचे नट सुटत नसले तर पान्याला लांब पाईप लावायचा, मग ताकद कमी लागते. पुरुष ड्रायव्हरही तेच करतात. खरी अडचण स्टिअरिंगवर बसल्यावर येत नाही. ती बसण्याआधी येते, कारण गाडी कोणी देत नाही. आणि दुसरी येते उतरल्यावर, कारण थांबायला धड जागा नसते. या दोन्हींची तयारी आधीच करा.

त्याआधी एक गोष्ट. हे काम बायकांचं नाही, असं तुम्हाला सांगितलं जाईल. ज्या नालवाडीत आपण बसलो आहोत, तिथे १९३२ च्या अखेरीस विनोबा राहायला आले. पुढे इथेच गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं. मेलेल्या जनावराचं कातडं कमावण्याचं काम समाजाने काही जातींवर टाकून दिलं होतं आणि वर त्यांनाच हीन ठरवलं होतं. ते काम आश्रमातली माणसं शिकली. कोणतं काम कोणाचं, हे जन्माने ठरत नाही, हा धडा या गावाला नवा नाही.

आपल्या मोहल्ल्यात आणखी एक वाक्य ऐकू येतं, "आपल्यात हे चालत नाही." हजरत खदीजा (रजि.) यांचे व्यापारी काफिले मक्केहून शामकडे जायचे. माल त्यांचा, भांडवल त्यांचं, तो घेऊन कोण जाणार हेही त्याच ठरवायच्या. त्या स्वतः उंट हाकत नव्हत्या, हे मला ठाऊक आहे. पण मालवाहतुकीचा धंदा बाईच्या इज्जतीला शोभत नाही, असं म्हणणाऱ्याने त्यांची आठवण ठेवावी. सौदी अरबमध्ये बायकांना लायसन्स मिळत नव्हतं आणि त्याला धर्माचं कारण दिलं जायचं. २४ जून २०१८ पासून तिथेही बायका गाडी चालवू लागल्या. धर्म तोच राहिला, बंदी गेली.

आता कामाचं. अठरा वर्षं पूर्ण झाली की आधी चारचाकीचं, म्हणजे एलएमव्ही लायसन्स काढा. ते किमान एक वर्ष जुनं झाल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं लर्निंग मिळत नाही, आणि माल वाहणारी गाडी चालवायला वय वीस पूर्ण लागतं. म्हणून उशीर करू नका. डॉक्टरचा दाखला लागतो, डोळे तपासून घ्या. पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये काढली. शाळा अर्धवट सुटलेल्या मुलींनो, तुमच्यासाठीही हा रस्ता खुला आहे.

हेवी लायसन्स मिळालं की लगेच सोळा चाकी मिळेल, अशी आशा धरू नका. मलाही एका ट्रान्सपोर्टवाल्याने कागद न बघताच परत पाठवलं होतं. मी छोट्या गाडीपासून सुरुवात केली, तुम्हीही करा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने स्पष्ट केलं की मालासकट एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेली मालगाडी एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते. छोटा हत्ती, पिकअप यात बसतात. सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येईल अशी भाडी घ्या. वर्धा ते नागपूर, हिंगणघाट, पुलगाव. घरच्यांचा जीव मुठीत राहत नाही, आणि वर्षभरात बाजार समितीतले, गोदामातले लोक तुम्हाला नावाने ओळखू लागतात. मोठी गाडी बहुतेकदा त्या ओळखीतूनच मिळते.

या वर्षात फक्त चालवणं शिकू नका. ताडपत्री कशी बांधायची, रस्सी कशी आवळायची, मालाचं वजन मागच्या-पुढच्या चाकांवर कसं वाटायचं, बिल्टी आणि ई-वे बिल कसं वाचायचं, हे शिका. सकाळी टायर ठोकून बघा, जोड चाकांत दगड अडकलाय का बघा. एअर ब्रेकच्या गाडीत हवेचा काटा पुरेसा वर आल्याशिवाय गाडी हलवू नका. घाट उतरताना खालचा गिअर ठेवा, डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका. ज्या ड्रायव्हरला गाडी कळते, तिला "बाजूला हो, तुला नाही जमणार" म्हणायला कोणी धजत नाही.

मालकाशी बोलताना लाजू नका. पगार महिन्याचा की फेरीचा, भत्ता किती, चालान कोण भरणार, बिघाड झाला तर राहण्याचा खर्च कोणाचा, हे निघण्याआधी ठरवा आणि मोबाईलवर लिहून घ्या. ओव्हरलोड गाडी घेऊ नका. दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, आणि लायसन्स तुमचं पणाला लागतं. पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूक धंद्याला २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायदा लागू होता. दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांच्या आत अर्धा तास विश्रांती, असं त्यात होतं. रस्त्यावर हे किती पाळलं जातं, ते मी रोज बघते. पण हक्क माहीत असेल तर मागता तरी येतो.

आता थांबण्याचं. लांबच्या फेरीला निघण्याआधी थांबण्याची ठिकाणं ठरवा. उजेड असलेला, वर्दळीचा पेट्रोल पंप, जिथे संडास आहे आणि त्याला आतून कडी लागते. संडास नाही म्हणून पाणी कमी पिऊ नका. त्यातून आजार होतात. दोन-तीन चांगल्या जागा सापडल्या की त्या इतर ड्रायव्हर बायकांना सांगा. पाळीच्या दिवसांचं सामान सीटखाली कायम ठेवा. रात्री केबिन आतून बंद, आणि घरातल्या एका माणसाकडे लाईव्ह लोकेशन. ११२ आणि १८१ हे नंबर पाठ करा, राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३ आहे. नमाज-रोज्याबद्दल काही मुली विचारतात. मुसाफिराला दीनने आधीच सवलत दिलेली आहे. रमजानमध्ये डोळ्यांसमोर अंधारी येत असताना भरलेला ट्रक हाकणं हे कोणाच्याच भल्याचं नाही.

आपण पहिल्या नाही, हेही लक्षात ठेवा. नंदुरबारला वाढलेल्या योगिता रघुवंशी वकिलीची पदवी घेऊनही, पती गेल्यावर दोन मुलांसाठी ट्रकवर चढल्या आणि राज्याराज्यांतून माल नेऊ लागल्या. जून २०२३ मध्ये सासवड–नीरा मार्गावर अर्चना आत्राम यांनी एसटी चालवली. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेलाय. काम वाढतंय, आणि त्यात तुमचा वाटा असला पाहिजे.

शेवटी मागे बसलेल्या भावांना सांगते. "आमची बहीण ट्रक चालवते" असं स्टेटस ठेवाल, त्याचा आनंद आहे. पण ती चार दिवसांनी घरी येईल तेव्हा भांडी तिचीच वाट बघत असतील, तर ती दोन वर्षांत गाडी सोडेल. मुलं सांभाळा, अम्मीला दवाखान्यात तुम्ही न्या. ज्यांच्या घरी पिकअप आहे, त्यांनी रविवारी मोकळ्या मैदानात बहिणीला रिव्हर्स घ्यायला शिकवा.

आणि मुलींनो, ज्यांचं एलएमव्ही लायसन्स वर्षभर जुनं झालंय, त्यांनी या आठवड्यात आरटीओत जाऊन हेवीच्या लर्निंगची चौकशी करा. एकटीने जायचं नसेल तर तिघी मिळून जा. माझी गाडी बाहेर उभी आहे. चहा झाला की एकेकीने केबिनमध्ये बसून बघा, आरशात डावीकडचं काय दिसतं आणि काय दिसत नाही. तिथून पुढचं मी समजावते.