घर बांधणाऱ्यांचे घर

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)





तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आम्ही आजच्या विषयाकडे वळतो. विषय आहे बांधकामावरचा कामगार, त्याची मजुरी आणि घरांचा बाजार. हा विषय आपल्याला परका नाही. गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले, रंगारी यांची घरे आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. मराठवाड्यात १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा गाव सोडून मुंबई-पुण्याला आलेल्या कितीतरी कुटुंबांची पहिली रोजी घमेल्याचीच होती.

घरांचा बाजार आणि सरकारी तिजोरी यांचे नाते जवळचे आहे. २०१७ साली जीएसटी आल्यावर राज्याच्या हाती जे थोडे मोठे कर उरले, त्यांत मुद्रांक शुल्क येते. घरे विकली गेली की राज्याला पैसा मिळतो. म्हणूनच कोरोनाच्या काळात बाजार थंडावला तेव्हा शासनाने मुंबईतील मुद्रांक शुल्क सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणले आणि पुढे मार्च २०२१ पर्यंत ते ३ टक्के ठेवले. नोंदणी कार्यालयांत रांगा लागल्या. सवलतीने बाजार हलतो, हे त्यातून दिसले. परंतु त्याच २०२० च्या उन्हाळ्यात, ज्यांनी ही घरे बांधली ते मजूर लेकरांना खांद्यावर घेऊन शेकडो मैल पायी गावाकडे चालले होते. हेही आपण डोळ्यांनी पाहिले.

असे का होते? बाजार तेजीत असला की वाढीव पैसा आधी जमिनीच्या किमतीत जातो. मग विकासक, मुख्य ठेकेदार, पोटठेकेदार, मुकादम अशा पायऱ्या उतरत मजुरापर्यंत उरलेसुरले येते. नाक्यावर सकाळी पन्नास माणसे उभी आणि काम वीस जणांना, अशी स्थिती असली की मजुरीचा भाव ठरवणारा मजूर नसतो. मंदी मात्र पायऱ्या मोजत नाही. फ्लॅट पडून राहिले की पुढचा स्लॅब थांबतो, ठेकेदाराचे बिल अडकते आणि पहिला खाडा बिगाऱ्याचा होतो. त्यातून उचल घेतलेली असेल तर पुढच्या हंगामाची मजुरीही आधीच गेलेली असते.

एक साधा हिशोब विद्यार्थ्यांनी करून पाहावा. समजा, बिगाऱ्याला रोज ७०० रुपये मिळाले आणि महिन्यात २० दिवस काम लागले, तर महिन्याचे १४,००० रुपये झाले. शहराच्या कडेला ४० लाखांचे घर घ्यायचे म्हटले, तर एक पैसाही न खाता त्याला जवळजवळ २४ वर्षे लागतील. तोवर तो त्याने बांधलेल्या इमारतीच्या मागच्या पत्र्याच्या खोलीतच राहणार. २०११ च्या जनगणनेत मुंबईतील ४० टक्क्यांहून अधिक कुटुंबे झोपडपट्टीत आढळली आणि त्याच शहरात लाखो घरे रिकामीही आढळली. घरे नाहीत, असे म्हणता येत नाही. ज्याला गरज आहे त्याच्या मजुरीला ती परवडत नाहीत, एवढेच खरे.

यावर उपाय कोणता? दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत. शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, वेळेवर सुटी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश म्हणजे कामगार कायद्याचा गाभाच आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. किमान वेतनाचे विधेयक त्यांनी १९४६ साली मांडले आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. समान कामाला समान वेतन हे तत्त्व संविधानाच्या अनुच्छेद ३९ मध्ये आहे. तरीही आज विटा वाहणाऱ्या आमच्या भगिनीच्या हातावर पुरुषापेक्षा कमी पैसे टेकवले जातात.

१९९६ साली बांधकाम कामगारांसाठी कल्याणकारी कायदा व उपकराचा कायदा झाला. महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळ २०११ साली आले. आता हे जुने कायदे नव्या संहितांत सामावले असून त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. उपकराचे तत्त्व मात्र कायम आहे. बांधकाम खर्चाच्या किमान १ टक्का रक्कम कामगारांसाठी द्यावी लागते. ५० कोटींची इमारत उभी राहिली तर ५० लाख रुपये कामगारांच्या नावे जमा व्हायला हवेत. हा पैसा न वापरता पडून राहिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यांची कानउघाडणी केली होती. बंधूंनो, ही भीक नव्हे, हा आपल्या घामाचा हिस्सा आहे.

तो मिळण्याची अट एकच, नोंदणी. वय १८ ते ६० असावे आणि मागील वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला असावा. इथेच घोडे अडते. नाक्यावरचा माणूस आज एका ठेकेदाराकडे, उद्या दुसऱ्याकडे. सही करायला कोणी तयार होत नाही, मग दलाल भेटतो. म्हणून आमचे सांगणे असे आहे की, प्रत्येक कामगाराने एक वही ठेवावी. तारीख, जागा, ठेकेदाराचे नाव आणि मिळालेली मजुरी रोज लिहावी. लिहिता येत नसेल तर घरातल्या मुलीने किंवा मुलाने लिहावी. विद्यार्थ्यांनी रविवारी विहारात बसून अर्ज भरून द्यावेत, नूतनीकरणाच्या तारखा लक्षात ठेवाव्यात. भांड्यांचा संच मिळाला की लोक समाधान मानतात. परंतु मुलांच्या शिक्षणाचे अर्थसाहाय्य हा त्याहून मोठा लाभ आहे. भांडी झिजतात, शिक्षण झिजत नाही.

तरुणांना आणखी एक सांगणे. बापाने थापी धरली म्हणून मुलानेही धरावी, असा नियम नाही. पण बांधकामातच राहायचे असेल तर आयटीआय करावे, नकाशा वाचायला शिकावे, मोजमाप आणि बिल समजून घ्यावे. ज्याला ब्रास आणि चौरस फुटाचा हिशोब कळतो, त्याला फसवणे अवघड असते.

सम्यक आजीविका म्हणजे केवळ स्वतः पापाचा धंदा न करणे नव्हे. ज्याच्या श्रमावर आपण छपराखाली झोपतो, त्याला त्याचा दाम मिळतो की नाही हे पाहणेही त्यातच येते, असे आम्ही मानतो. आपल्यापैकी जे आज फ्लॅटचे मालक आहेत, सोसायटीचे पदाधिकारी आहेत, त्यांनी आपल्या इमारतीच्या दुरुस्तीपासून सुरुवात करावी. कामगाराला सुरक्षापट्टा आहे का, बाईला समान मजुरी आहे का, एवढे ठेकेदाराला विचारावे. विचारणारा एक उभा राहिला की उत्तर द्यावेच लागते.

एवढे बोलून आम्ही थांबतो.

नमो बुद्धाय! जयभीम!