प्याद्याने काय मागावे?



बुद्धिबळावर बोलायला कामगार चळवळीतला माणूस कशाला, असे कुणास वाटेल. उत्तर सोपे आहे. या खेळात प्यादे शेवटच्या घरात पोचले की राजा सोडून हवे ते मोहरे मागता येते. आणि मागण्या करण्यातच आमचा जन्म गेला.

१८७५ साली लंडनमध्ये फेंटन आणि पॉटर यांचा एक डाव झाला. दोघेही जगज्जेते नव्हेत. डाव बरोबरीत सोडला गेला आणि विस्मरणात गेला. १८९५ साली पॉटर वारला, तेव्हा ग्लासगोच्या एका साप्ताहिकात बुद्धिबळाचे सदर चालवणाऱ्या बार्बियेने त्या डावाचा शेवट आठवणीतून छापला. आठवणीत मांडणी थोडी बदलली, आणि त्या बदलातूनच नवल घडले.

पांढऱ्याकडे राजा आणि एक प्यादे, काळ्याकडे राजा आणि हत्ती. प्यादे आता वजीर होणार. पण काळ्याने युक्ती योजली होती : वजीर झाला की हत्तीने शह द्यायचा, तोही फुकट मरायला! वजिराने हत्ती मारला की कोपऱ्यातल्या काळ्या राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही. डाव बरोबरीत. बार्बियेने तसाच निकाल दिला.

ग्लासगोत साव्हेद्रा नावाचा एक स्पॅनिश धर्मगुरू राहत असे. तो साधा हौशी खेळाडू. त्याने विचारले, वजीरच का? हत्ती मागा! हत्ती मागताच काळ्याची युक्ती फुकट गेली. पांढऱ्याची मात तोंडावर आली. ती अडवायला काळ्याने हत्ती आड घातला, तेव्हा पांढरा राजा एक पाऊल पुढे सरकला. आता हत्ती वाचवावा तर मात होते, मात चुकवावी तर हत्ती जातो. काळा संपला.

मित्रहो, गेटसभेत मोठ्या आकड्याला टाळी पडते. मालकही कधी तो आकडा हसत कबूल करतो, आणि त्याच कागदावर खाते बंद करण्याचा हक्क लिहून घेतो. पगार वाढला, पण काम कुठे आहे? पुढे केलेला हत्ती वजिराने खाल्ला, तो हा असा. म्हणून सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : हे मिळाल्यावर समोरचा कोणती खेळी करील? त्या खेळीला पुरून उरते, तीच खरी मोठी मागणी. मग ती हत्तीएवढी का असेना.